पाणी खोटं बोलत नाही, साहेब

दुधाळ्याच्या माळावर क्वालिटी बघायला येणाऱ्या साहेबांना,



तुम्ही वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढे असाल. पण साइटवर हेल्मेटचा रंग बघून माणसाला हाक मारायची सवय हाडात मुरली आहे, म्हणून साहेबच म्हणतो. मी सतराव्या वर्षी घमेलं उचललं. पुढं सेंटरिंगचा मिस्त्री झालो आणि शेवटची वीस वर्षं फोरमन म्हणून काढली. कारखान्यांचे पाये, शेड, टाक्या, चिमण्या हेच माझं काम. आता औंढ्याला घरी असतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याला लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार हे ऐकल्यापासून हे पत्र मनात घोळत होतं. ११ मे २०२३ला दिल्लीहून पंतप्रधानांनी तिची पायाभरणी केली, तेव्हा गावागावांत लोक एकमेकांना विचारत होते, ही दुर्बीण आहे का, कारखाना आहे का, की धरण? मला एवढंच कळत होतं की काम फार बारीक आहे. आणि जिथं काम बारीक, तिथं तुमचं आणि मिस्त्रीचं भांडण मोठं.

दुधाळ्याला असं काही घडलं आहे, असं माझं म्हणणं नाही. मी सांगतो ते दुसरीकडचं, मी स्वतः उभा होतो तिथलं. तुमच्या साइटवर ते घडू नये म्हणून लिहितो.

एका कारखान्याचं काम होतं. एप्रिल महिना, ऊन बेचाळीस अंशांच्या वर. मशिनखालच्या फ्रेमचे कॉलम भरायचे होते. कॉलम आणि बीम जिथं मिळतात त्या सांध्यावर चारी बाजूंच्या सळया येतात, त्यात रिंगा, त्यात जोडाच्या सळया. त्या सांध्यात लोखंड इतकं दाट झालं होतं की व्हायब्रेटरची सुई खाली जाईना. फिटरनं मला दाखवलं. म्हणाला, "फोरमन, इथून वीस एमएमची खडी उतरायची न्हाई." मलाही ते दिसत होतं. अशा ठिकाणी बारीक खडीचा माल मागवायचा, नाहीतर ड्रॉइंगवाल्याला विचारून सळयांची मांडणी बदलायची, हे शाळा न शिकलेल्या मिस्त्रीलाही ठाऊक असतं. पण पंप सकाळी सातला ठरलेला होता, काँक्रीटच्या प्लँटला ऑर्डर गेली होती. क्वालिटीचे साहेब दिवसभर दुसऱ्या टोकाला अडकले होते. संध्याकाळी पोअर कार्ड, म्हणजे काँक्रीट टाकायच्या परवानगीचा कागद, त्यांच्या केबिनमध्ये गेलं आणि केबिनमधूनच सही होऊन आलं. सांधा त्यांनी पाहिला नव्हता. हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी काँक्रीटची पहिली गाडी उशिरा आली, दुसरी त्याहून उशिरा. उन्हानं माल घट्ट होत चालला होता. पंपवाला ओरडला, कुणीतरी गाडीत पाणी सोडलं. तिसऱ्या दिवशी फळ्या काढल्या तर सांध्यात खडी उघडी, मध्ये मूठ जाईल एवढ्या पोकळ्या, आत सळई दिसतेय. साहेब आले, हातोडीनं टकटक केलं, खडूनं लाल फुली मारली आणि म्हणाले, "तोडा."

त्या कामाचा मिस्त्री माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा होता. हात जोडून म्हणाला, "साहेब, कार्डावर सही तुमचीच हाय." साहेब म्हणाले, "मला शिकवू नका, काम तुमचं आहे." मग आवाज चढले. कुणी कॉलर धरली, कुणी थापी उगारली. चार माणसांनी मध्ये पडून सोडवलं. त्या रात्री सगळी टोळी तंबूत न जेवता बसली होती. ते सांधे तोडायला अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांची मजुरी कुणी दिली, साहेब? कुणीच नाही. ठेकेदारानं पेटी ठेकेदाराच्या बिलातून कापली, पेटी ठेकेदारानं मुकादमाच्या उचलीत धरली आणि मुकादमानं माणसांच्या हजेरीतून वळती केली. पैसा वरून खाली आला आणि जो सगळ्यात खाली होता त्याच्या डोक्यावर थांबला. मिस्त्रीच्या घरी मेमध्ये लग्न होतं.

कॉलम तोडायला सांगितले हे बरोबरच झालं. तो सांधा तसाच ठेवून वर मशिन चढवली असती तर एक दिवस तिनं माणसं घेतली असती. साहेबांचा निकाल खरा होता, तो आला मात्र उशिरा. मिस्त्रीचं म्हणणंही खरं होतं, फक्त ते थापी उगारून बाहेर पडलं. आणि ज्याच्याकडं दोघांचं खरं आदल्या संध्याकाळीच होतं, तो फोरमन गप्प होता.

साइटवरचं भांडण स्वभावाचं नसतं. ते हिशेबाचं असतं. सळई बांधणाऱ्याला टनावर पैसे मिळतात, सेंटरिंगवाल्याला फुटावर, काँक्रीटवाल्याला घनमीटरवर. जेवढं मोजात भरलं तेवढं त्याचं. तोडलेलं मोजात भरत नाही, दुसऱ्यांदा बांधलेलंही भरत नाही. तुमचा पगार महिन्याचा असतो. तुमच्या कामाची पावती म्हणजे तुम्ही किती चुका पकडल्या. एकाची रोजी काम पुढं सरकण्यावर आणि दुसऱ्याचं नाव काम थांबवण्यावर असेल, तर दोघं सख्खे भाऊ असले तरी भांडतील.

त्यात काँक्रीटचा स्वभाव असा की ते लगेच बोलत नाही. तुम्ही १५० मिलिमीटरचे क्यूब भरता, काही सातव्या दिवशी फोडता, पण खरा निकाल अठ्ठाविसाव्या दिवशी. तोवर ती टोळी दुसऱ्या साइटवर, कधी दुसऱ्या राज्यात गेलेली असते. निकाल लागतो तेव्हा साक्षीदार पांगलेले असतात. मग दोष कुणाचा? जो समोर नाही त्याचा. अठ्ठावीस दिवसांनी कळणारी गोष्ट पहिल्या दिवशीच नीट करायची असेल, तर तुमचं खरं काम काँक्रीट टाकण्याच्या आधीचं आहे. नंतर तुम्हाला फक्त फुली मारता येते.

तुमचीही अडचण मी पाहिली आहे. तुमच्यातले बरेच जण स्वतः कंत्राटावर असतात, दुसऱ्याच एजन्सीच्या पगारावर. साइटवर तुमच्याबरोबर डबा खायला कुणी बसत नाही. ठेकेदाराचा मॅनेजर म्हणतो, सही करा, उशीर होतोय. मालकाचा माणूस म्हणतो, सही केलीत तर जबाबदारी तुमची. आणि काही बिघडलं की कागदावर नाव तुमचंच निघतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कामं पसरलेली, माणूस एक. केबिनमधून झालेली ती सही आळसाची नव्हती. ती एकाच माणसावर टाकलेल्या चार माणसांच्या कामाची होती. म्हणून हे पत्र तुमच्या वरच्यांनीही वाचावं.

तरी तुमची गरज आम्हाला का आहे, हे आमच्या भागाला कुणी समजावून सांगायला नको. १० जुलै २०२४च्या सकाळी सव्वासातच्या सुमारास आपल्या जिल्ह्यात जमीन हलली. कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याचं नाव त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. ४.५ तीव्रतेचा धक्का, त्याच वर्षी मार्चमध्येही असाच एक बसला होता. भांडी पडली, भिंतींना तडे गेले, माणसं अंगणात आली. आणि ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढं होतं त्यांच्या तोंडी एकच नाव आलं, किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३ची ती भूकंपाची पहाट. मातीत रचलेल्या दोन-दोन फूट जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून ठेवणारे आडवे लांब दगड मध्ये घातलेलेच नव्हते, म्हणून भिंती मधून फाटल्या आणि माळवद माणसांवर आलं. हजारो माणसं झोपेत गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. ती घरं बांधणारे गवंडी वाईट नव्हते. ते आपल्या बापाकडून शिकले तसं बांधत होते. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं की तो एक आडवा दगड कशासाठी असतो.

त्यानंतरच्या पुनर्वसनात एक गोष्ट झाली ती तुम्ही लक्षात ठेवावी. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ज्यांची घरं पूर्ण पडली नव्हती, त्यांनी आपलं घर आपण मजबूत करून घ्यायचं, असं ठरलं. पैसे सरकारी, काम घरमालकाचं. तेव्हा गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. इंजिनिअरनं जे सांगायचं ते या बायका घराघरांत समजावून सांगत, आणि घरमालकिणी गवंड्याच्या शेजारी उभ्या राहून काम बघत. तपासणीची अक्कल फाईलमधून निघून अंगणात आली. तपासणारा आणि बांधणारा यांच्यामध्ये बोलणारं माणूस लागतं, हे मराठवाड्यानं तीस वर्षांपूर्वी जीव गमावून शिकलं आहे.

आता दुधाळ्याचं बोलतो.

माझा पुतण्या शिक्षक आहे. त्यानं मला कागदावर काढून दाखवलं. काटकोनात दोन हात, एकेक हात ४ किलोमीटरचा. त्यांतून पोलादी नळी जाणार, तिच्यातली हवा काढून टाकणार आणि आतून लेझरचा प्रकाश जाऊन आरशावर आपटून परत येणार. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाशच थरथरतं आणि ते दोन हात किंचित लांब-आखूड होतात. किती? प्रोटॉन म्हणजे अणूच्या गाभ्यातला कण, त्याच्या रुंदीपेक्षाही हजारो पटींनी लहान. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ला अशी थरथर पहिल्यांदा पकडली. आपल्या सरकारनं २०१६च्या फेब्रुवारीत तत्त्वतः होकार दिला आणि ६ एप्रिल २०२३ला २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली.

हे सगळं ऐकताना माझं डोकं एकाच जागी अडलं. मी पुतण्याला विचारलं, "चार किलोमीटरची नळी सरळ ठेवायची, तर लेव्हल कशी धरणार?"

साहेब, आमच्या धंद्यात ओळंबा आणि पाणी हे दोन देव. ओळंबा उभी रेघ सांगतो, पाणी आडवी. पाणसळ असो की पाण्यानं भरलेली प्लॅस्टिकची नळी, दोन टोकांचं पाणी जिथं थांबलं तिथं खूण करायची, मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी मिस्त्री ती खूण हलवू देत नाही. माझा उस्ताद म्हणायचा, माणूस खोटं बोलेल, पाणी खोटं बोलत नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, पाणी खरंच बोलतं. पण ते पृथ्वीच्या गोलाईचं खरं बोलतं. प्रकाश सरळ जातो."

त्यानं हिशेब करून दाखवला. एका टोकाला पाण्याच्या लेव्हलनं सुरुवात केली आणि तिथून सरळ रेघ मारली, तर शंभर मीटरवर ती रेघ आणि पाण्याची लेव्हल यांत मिलिमीटरभराचाही फरक नसतो. एक किलोमीटरवर तो साधारण आठ सेंटिमीटर होतो. चार किलोमीटरवर सव्वा मीटर. माझ्या कमरेच्या वर! अमेरिकेतल्या वेधशाळांतही नळीखालचं काँक्रीट टाकताना पृथ्वीची ही गोलाई हिशेबात धरावी लागली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी डोळ्यांसमोर आणत होतो, दुधाळ्याच्या माळावर आमच्यातला एखादा जुना मिस्त्री आयुष्यभराच्या इमानानं पाण्याची लेव्हल धरेल, खुणा करेल, आणि तुम्ही यंत्र लावून म्हणाल, चूक. तो म्हणेल, पाणी बघा साहेब. तुम्ही म्हणाल, मला शिकवू नका. आणि पुन्हा तीच थापी वर उचलली जाईल. दोघंही खरं बोलत असतील. एकाकडं पाण्याचं खरं, दुसऱ्याकडं प्रकाशाचं. ते सव्वा मीटर कुणीतरी त्याला कागदावर काढून दाखवायला हवेत, जसे पुतण्यानं मला दाखवले. त्याला पाच मिनिटं लागली. एकदा कळल्यावर मीच पुतण्याला विचारायला लागलो की मग वाळूवर, मुरुमावर, काळ्या मातीवर भराव कसा दाबणार, खचला तर काय. कामाचं कारण कळलेला मिस्त्री तुमच्याहून कडक तपासणी करतो. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

नळीचंही तसंच. अमेरिकेतल्या नळ्या तीन मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यापासून बनवल्या होत्या, व्यास सव्वा मीटरच्या आसपास. सगळे जोड मिळून कितीतरी किलोमीटरची वेल्डिंग. सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी आतली पोकळी बिघडते. असं काम फक्त तपासून चांगलं होत नाही, साहेब. प्रत्येक जोडाच्या वेळी ज्याच्या हातात होल्डर आहे त्यानंच, "हा जोड मला पटला नाही, पुन्हा बघू," असं निर्धास्तपणे म्हणायला हवं. तसं म्हटल्याबद्दल त्याची हजेरी कापली जात असेल, तर तो कशाला म्हणेल? जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला चालू लाईन थांबवायचा अधिकार आहे. तिथं लाईन थांबवली म्हणून कुणी चिडत नाही, मुकादम धावत येतो. आपल्या साइटवर काम थांबवायचा अधिकार फक्त तुमच्या पेनाला आहे.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत.

पोअर कार्डावर सही केबिनमध्ये करू नका. जिथं काँक्रीट पडणार तिथं उभं राहून करा. वेळ नसेल तर सही करू नका आणि वरच्यांना लेखी सांगा की माणूस कमी आहे. त्या कार्डावर मिस्त्रीचीही सही किंवा अंगठा घ्या, म्हणजे उद्या बोट एकाच दिशेला जाणार नाही.

काम नापास केलंत तर कारण लिहा, आणि मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवा. आपल्या भागातली माणसं ऊसतोडीला आणि पुण्या-हैदराबादच्या साइटवर जातात, आणि आपल्याकडच्या मोठ्या कामांवर बिहार-झारखंडची पोरं येतात. इंग्रजी एनसीआर, म्हणजे काम नापास केल्याचा कागद, दोघांनाही वाचता येत नाही. त्यांना फक्त लाल फुली दिसते. कॉलमच्या सळईवर काँक्रीटचं ४० मिलिमीटरचं कव्हर का लागतं, हे एकदा समजावून सांगा. गंजलेल्या सळईचा तुकडा हातात द्या. पुढच्या वेळी कव्हर ब्लॉक तो स्वतः मोजेल.

दुरुस्तीचे पैसे कुणी द्यायचे, ते कारणावरून ठरवा. ड्रॉइंगमध्ये सळई दाट असेल, प्लँटची गाडी दोन तास उन्हात अडकली असेल, तर ती मजुराची चूक नाही. कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नुकसानीपोटी त्याची मजुरी कापू नये, हे १९३६च्या वेतन कायद्यात होतं आणि २०१९च्या वेतन संहितेतही आहे. तुमचा कागद हा त्याच्या बाजूचाही पुरावा असतो. तो पूर्ण लिहा.

चौथी मागणी माझ्या भावांकडं, मिस्त्री आणि बिगाऱ्यांकडं. साहेब, हे त्यांना वाचून दाखवा. दादांनो, गाडीत पाणी सोडू नका. माल घट्ट वाटला तर गाडी परत पाठवायला सांगा, भांडा, पण नळी उचलू नका. एक बादली पाणी एका कॉलमची सगळी ताकद पातळ करतं. खडी उघडी पडली तर रात्री सिमेंटचा हात फिरवून झाकू नका. इमानानं केलेलं काम टिकतं: येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर या धरणांवर आपल्या आधीच्या पिढीनं डोक्यावर घमेली वाहिली, त्या भिंती आजही पाणी धरून आहेत. आणि क्वालिटीच्या पोराला शत्रू समजू नका. तो तुमच्या पोरांच्या वयाचा आहे, घरापासून लांब आहे. त्याला चहा द्या. त्यानं सही केलेल्या जागेवर सुई उतरत नसेल तर त्याच्यासमोर मोठ्यानं सांगा. माझ्यासारखे गप्प बसू नका.

तो मिस्त्री पुढं मला एकदाच भेटला, नांदेडच्या स्टँडवर. रागाचा एक शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, "फोरमन, त्या सांध्यात तुम्ही बॅटरी मारून बघितली होती ना? मी तुम्हाला वाकलेलं बघितलं होतं." मी हो म्हणालो. तो गाडीत चढून गेला.

दुधाळ्याला तुमचा एखादा अवघड सांधा भरायचा असेल, तेव्हा आदल्या संध्याकाळी अंधार पडायच्या सुमारास तिथं जा, साहेब. मिस्त्रीला, फिटरला, फोरमनला बरोबर बोलवा. सळयांच्या आत बघायला बॅटरी लागेलच. ती मिस्त्रीच्या हातात द्या, आणि तो जिथं उजेड धरेल तिथं वाकून बघा.

आपला,
एक निवृत्त फोरमन
औंढा नागनाथ, जि. हिंगोली